चोरघंटा

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात तीर्थपुरी हे गाव आहे. या भागात कापूस पिकतो. वेचणी झाली, कापूस विकला की घरात पैसे येतात. पुढे लग्नसराई सुरू होते. एखाद्या दिवशी सारे घर लग्नाला परगावी जाते आणि दाराला कुलूप लागते. अशा वेळी घराची काळजी वाटते. म्हणून काही लोक घराला चोरघंटा बसवतात. तुमच्या अब्बांनीही तसे ठरवले, तर तिची माहिती तुम्हांला हवी.

चोरघंटा कशी वाजते? दाराच्या चौकटीवर एक छोटी कळ असते आणि दारावर लोहचुंबक असतो. दार बंद असताना चुंबक कळीतील दोन पातळ पट्ट्या जुळवून ठेवतो. त्यामुळे तारेतून थोडा प्रवाह वाहत राहतो. दार उघडले की चुंबक दूर जातो, पट्ट्या सुटतात, प्रवाह तुटतो आणि घंटा वाजते. चोराने ही तार कापली तरी प्रवाह तुटतोच. म्हणजे तेव्हाही घंटा वाजते!

घरातील वीज २३० व्होल्टची असते. ती माणसाचा जीव घेऊ शकते. चोरघंटेला मात्र बहुधा १२ व्होल्ट पुरतात. म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर बसवतात. तो २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करतो. दारापर्यंत जाते ती हीच कमी दाबाची वीज. खरा धोका असतो तो भिंतीतील वीज ट्रान्सफॉर्मरपर्यंत आणताना.

ही जोडणी तुम्ही करायची नाही. ते परवाना असलेल्या वायरमनचे काम आहे. पण काम नीट होते की नाही, हे तुम्ही पाहू शकता.

पहिली गोष्ट, काम सुरू करण्यापूर्वी मेन स्विच बंद केला का? त्यानंतर टेस्टर लावून वीज गेल्याची खात्री केली का? तारेच्या रंगावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट, प्लग लावला का? काही जण उघड्या तारा सॉकेटमध्ये खुपसून त्या आगकाडीने घट्ट करतात. तार निसटली तर हाताला झटका बसतो, ठिणगी उडाली तर आग लागते. यंत्राची पेटी धातूची असेल, तर तीन पिनांचाच प्लग हवा. त्याची जाड पिन अर्थिंगची असते. ती इतर पिनांपेक्षा लांब असते, म्हणून सॉकेटमध्ये आधी तीच जोडली जाते. उन्हाळ्यात मराठवाड्याची जमीन कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होते. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे.

तिसरी गोष्ट, फ्यूज योग्य आहे का? फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार घालू नये. फ्यूज आगीपासून वाचवतो, पण झटक्यापासून वाचवेलच असे नाही. त्यासाठी मेन बोर्डात आर.सी.सी.बी. नावाचा स्विच बसवतात. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत फरक पडला की तो क्षणात वीज तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा स्विच वापरतात.

चौथी गोष्ट, बॅटरी आहे का? आपल्याकडे वीज केव्हाही जाते आणि चोराला अंधारच हवा असतो. समजा, घंटा वाजत नसताना यंत्र ०.१ अँपिअर वीज घेते. मग ७ अँपिअर-तासांची बॅटरी हिशेबाने ७० तास पुरेल. प्रत्यक्षात थोडी कमी पुरते.

आणखी एक गोष्ट कधीही विसरू नका. चोराला किंवा रानडुकरांना अडवण्यासाठी काही लोक दारात किंवा कुंपणात वीज सोडतात. तो गुन्हा आहे. वीज चोर आणि शेजारी यांत फरक करत नाही. रात्री शेतात गेलेला घरचा माणूसही त्या तारेला चिकटून मरतो. चोरघंटेचे काम हाक मारण्याचे आहे, मारण्याचे नाही.

कोणाला विजेचा झटका बसलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग मोठ्यांना बोलवा.

घर राखणारी घंटा आधी घरच्यांसाठी सुरक्षित हवी, मगच तिचा उपयोग.

शब्दार्थ
परगाव – दुसरे गाव
विसंबणे – भरवसा ठेवणे
ठिणगी – आगीचा लहान कण

स्वाध्याय
१. चोराने तार कापली तरी चोरघंटा का वाजते?
२. फ्यूज असूनही आर.सी.सी.बी. का लागतो?
३. कुंपणात वीज का सोडू नये?