भाव न करणारे गिऱ्हाईक

दुकानातील जुने काचेचे कपाट विकण्याची जाहिरात संकेतस्थळावर झळकते आणि काही मिनिटांतच फोन येतो. समोरची व्यक्ती स्वतःला सैन्यातील जवान म्हणविते, ओळखपत्राचे छायाचित्र पाठविते आणि सांगितलेली किंमत तत्काळ मान्य करते. पेढीवर बसणाऱ्यास येथेच शंका यावयास हवी. माल न पाहता, भाव न करता सौदा करणारे गिऱ्हाईक खऱ्या बाजारात क्वचितच भेटते.

विश्वास बसावा म्हणून प्रथम पाच-दहा रुपये खरोखरच पाठविले जातात. मग क्यूआर कोड येतो. तो स्कॅन करून पिन टाकल्यास उरलेली रक्कम जमा होईल, असे सांगण्यात येते. वस्तुतः यूपीआय पिन ही आपल्या तिजोरीची किल्ली होय. पैसे देताना ती लागते. घेताना कधीच लागत नाही. पिन टाकताच रक्कम जमा होण्याऐवजी नावे पडते.

खरेदी करतानाही वस्तू प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज आगाऊ रक्कम देऊ नये. फसगत झालीच, तर लाजेपोटी गप्प न बसता १९३० या क्रमांकावर आणि बँकेस त्वरित कळवावे. ठकाने रक्कम काढून घेण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ती गोठविता येण्याची शक्यता असते.