हिरवा ठिपका आणि काशीची माकडं

आपली त्रिपुरी पौर्णिमा ती काशीची देवदीपावली. पंचगंगा घाटावर अहिल्याबाईंचा दगडी हजारा, म्हणजे आपली दीपमाळच, उजळतो आणि पायऱ्यापायऱ्यांवर फोन वर होतात. व्हिडिओ तेव्हाच साताऱ्याला पोचावा, एवढीच माफक अपेक्षा.

याच काठावर, वरच्या अंगाच्या दशाश्वमेध घाटावर, २०१५ च्या फेब्रुवारीत बीएसएनएलचं वायफाय आलं. दोन महिन्यांच्या आत माकडांनी घाटावरच्या फायबर केबली कुरतडल्या आणि बातमी जगभर गाजली. मला विचाराल तर माकड हा फार प्रामाणिक बिघाड. केबल तुटली की सगळं जाळं सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या पडद्यावर ठिपका लाल होतो आणि माणूस शिडी घेऊन निघतो.

खरा घात हिरवा ठिपका करतो. खांबावरचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायची पेटी, कंट्रोलरशी बोलतोय, एवढंच तो सांगतो. यात्रेकरूचं काय, ते त्याला ठाऊक नसतं. नेहमीच्या मांडणीत एका जाळ्यात फोनना वाटायला २५४ पत्ते. पत्ता चोवीस तासांच्या बोलीवर दिला, तर सकाळी स्नान करून गेलेली माणसं तो संध्याकाळपर्यंत अडवून बसतात. पुढच्याच्या फोनवर चक्र फिरत राहतं, ठिपका हिरवाच. बोली अर्ध्या तासावर आणा, जाळं मोठं करा. खर्च जवळपास शून्य.

दुसरं दुखणं गर्दीचं. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्यात माणसाचं शरीर बहुतांशी पाणी, लहरी शोषणारं. म्हणून रिकाम्या घाटावर दुपारी घेतलेली चाचणी मी धरतच नाही. तक्रार आली की ॲक्सेस पॉइंटची ताकद वाढवायची, हा तर हमखास चुकीचा उपाय. त्याचा आवाज फोनला ऐकू येतो, फोनचा क्षीण आवाज त्याला नाही.

पेटी खाली आणावी तर गंगा आहे. इथली धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर, १९७८ चा पूर ७३.९०१ वर गेला होता. पेटी त्याच्या वर, माणसं पार खाली.

माझा हट्ट एकच: एक जुना, स्वस्त फोन पायरीवर, गर्दीच्या उंचीला ठेवा. दर पाच मिनिटांनी त्याने जोडणी घ्यावी, एक पान उघडावं, लागलेला वेळ नोंदवावा. पुराच्या आधी तो उचलायचा आणि माकडांपासून जपायचा.