टेलिफोनची तार आणि तिच्यावरचा माणूस

विजेच्या तारेला माणूस भितो, टेलिफोनच्या तारेला भीत नाही. विजेच्या खांबावर धोक्याची पाटी असते. टेलिफोनच्या खांबावर पोरे पतंग सोडवावयास चढतात. ही निर्भयता अगदीच निराधार आहे असे नव्हे. परंतु ती तारेच्या अंगच्या गुणाने लाभलेली नाही. तारेच्या दोन्ही टोकांना जोडलेली यंत्रे काही नियम पाळतात, म्हणून ती लाभलेली आहे. हे नियम कोणते, ते कोणाचे रक्षण करतात आणि मोडले तर प्रथम कोणावर बेतते, एवढेच आज आम्हाला सांगावयाचे आहे. आम्ही अभियंते नव्हे. संघटनेच्या कामात लाइनमन मंडळींच्या सहवासात हा विषय आम्ही शिकलो, आणि जो समजला तो सरळ भाषेत मांडीत आहोत.

प्रथम तारेत काय असते ते पाहू. तांब्याच्या जोडतारेवर एक्स्चेंजमधील बॅटरीचा सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश दाब असतो. या बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडलेले असते आणि तार ऋण ठेवलेली असते. यात एक शहाणपण आहे. तार धन असती, तर पावसाळ्यात ओल शिरताच विद्युतविघटनाने तांबे झिजून गेले असते. ऋण ठेवल्याने ते टिकते. घंटा वाजवावयाची वेळ आली म्हणजे मात्र याच तारेवर ७५ ते ९० व्होल्टचा उलटसुलट प्रवाह सोडतात. आपल्याकडे घंटा दोनदा वाजून थांबते, पुन्हा दोनदा वाजते. त्या क्षणी ज्याच्या चिमटीत उघडी तार असेल त्याला जो हिसका बसतो, त्याची ओळख प्रत्येक लाइनमनला आहे.

आता शरीराचा हिशेब. साधारणपणे अर्धा मिलिअँपिअर प्रवाह अंगातून गेला की माणसाला तो जाणवू लागतो. दहाच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडवत नाही. तीसच्या पुढे प्रवाह रेंगाळला तर हृदयाची लय बिघडण्याचे भय असते. घरातील गळतीरोधक स्विच तीस मिलिअँपिअरचा असतो तो यासाठीच. दाब तोच असला तरी कोरड्या हातातून प्रवाह कमी जातो, ओल्या हातातून जास्त. घामेजलेल्या, भिजलेल्या कामगाराचा हिशेब कचेरीतल्या माणसाहून वेगळा असतो, हे आपण ध्यानात ठेवावे.

या हिशेबावरून आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने ६०९५० क्रमांकाचे मानक तयार केले. भारतात त्याचेच रूप आय. एस. १३२५२ या नावाने आले. त्यात विद्युतमंडलांच्या पायऱ्या पाडल्या आहेत. एकदिश दाब ६० व्होल्टपर्यंत, किंवा उलटसुलट दाबाचे शिखर ४२.४ व्होल्टपर्यंत असेल आणि बिघाडातही तो धोकादायक पातळीवर जाणार नसेल, तर त्या मंडलाला सामान्य माणसाचा हात लागला तरी चालतो. टेलिफोनची तार या पायरीत बसत नाही. घंटेचा दाब त्याहून मोठा, आणि बाहेरून वीज कोसळण्याची भीती वेगळीच. म्हणून तिच्यासाठी दूरसंचार-जाळ्याची निराळी पायरी केली. तेथे एकदिश दाबाला १२० व्होल्टपर्यंत मोकळीक आहे, घंटेसाठी स्वतंत्र मर्यादा आहेत. मात्र उघड्या भागाला सहज हात लागू नये अशी यंत्राची ठेवण पाहिजे.

बाहेरचे संकट दोन प्रकारचे. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की मैलभर गेलेल्या तारेत क्षणभर हजारो व्होल्ट उसळतात. दुसरे, वादळात विजेची तार तुटून टेलिफोनच्या तारेवर पडते. म्हणून या मानकात उपकरणाची परीक्षा कडक ठेवली. तारेच्या बाजूवर दीड हजार व्होल्टचे दहा आघात, दर मिनिटाला एक, आळीपाळीने धन आणि ऋण. हातात धरावयाच्या रिसीव्हरसाठी हेच आघात अडीच हजारांचे, कारण तो कानाशी लागतो. आघाताऐवजी मिनिटभर उच्च दाब लावूनही ही परीक्षा घेता येते.

येथपर्यंत नियम ग्राहकाच्या रक्षणाचे झाले. परंतु आम्हाला मोलाचा वाटतो तो नियम उलट्या दिशेचा आहे. आपल्या घरातील मोडेम २३० व्होल्टच्या प्लगवर चालतो आणि त्याचे दुसरे टोक टेलिफोनच्या तारेला लागते. मोडेमच्या आत या दोहोंमधली भिंत फुटली, तर घरची वीज तारेवर चढते आणि अर्धा मैल दूर खांबावर बसलेल्या माणसाच्या हातात जाते. त्याने आपले घर पाहिलेले नसते, आपला मोडेम पाहिलेला नसतो. म्हणून मानक सांगते की, यंत्रातून दूरसंचार-जाळ्यात जाणारा स्पर्शप्रवाह पाव मिलिअँपिअरपेक्षा जास्त असता कामा नये. पाव मिलिअँपिअरने कोणी मरत नाही हे खरे. पण शिडीवरच्या माणसाला मारावयास विजेचीच गरज नसते. नुसता दचकून हात सुटला तरी पुरते. आणखी एक गोष्ट. ज्या यंत्राला वीस तारा जोडलेल्या आहेत, त्यात वीस पाव मिळून पाच मिलिअँपिअर होतात. थेंबे थेंबे तळे साचते, म्हणून अशा यंत्राला बेरजेचा आणि भक्कम अर्थिंगचा नियम वेगळा लावला आहे.

ही भिंत असते तरी केवढी? २३० व्होल्टची बाजू आणि हाताची बाजू यांमध्ये पट्टीच्या पृष्ठभागावरून मोजलेले अंतर साधारण ५ मिलिमीटर, आणि मधल्या रोधकाने मिनिटभर ३,००० व्होल्ट सोसले पाहिजेत. स्वस्त, बेनामी अॅडॅप्टर उघडून पाहिला तर हेच अंतर वाचवलेले आढळते. दोन्ही बाजूंना जोडणारा एक छोटा कपॅसिटरही त्यात असतो. तो विशिष्ट दर्जाचाच पाहिजे. साधा घातला आणि तो आतून जुळला, तर वीज थेट पलीकडे जाते. आधी नफा कापला जात नाही, अंतर कापले जाते. कोकणातल्या दमट हवेत, धुळीच्या थरात ते आणखी अपुरे ठरते.

काळ बदलला तसे मानकही बदलले. २०१० साली ६२३६८ क्रमांकाचे नवे मानक निघाले आणि डिसेंबर २०२० मध्ये युरोप व अमेरिकेत त्याने जुन्याची जागा घेतली. यात विद्युतशक्तीच्या तीन श्रेणी आहेत: पहिली जाणवते पण दुखवत नाही, दुसरी दुखवते पण सहसा इजा करीत नाही, तिसरी इजा करते. त्याचबरोबर माणसांचेही तीन वर्ग मानले आहेत: सामान्य, सूचना दिलेला आणि कुशल. पहिल्या श्रेणीला सामान्य माणसाचा हात चालेल, दुसरीला सूचना दिलेल्याचा; तिसरीपाशी कुशल माणसानेच काम करावे, आणि त्याचाही हात चुकून लागू नये अशी सोय पाहिजे.

येथे संघटनेच्या माणसाचे कान टवकारतात. कंत्राटदार काल भरती केलेल्या पोराला आज खांबावर चढवतो. त्याला शिक्षण नाही, सूचना नाही. कागदोपत्री तो कुशल, मानकाच्या व्याख्येने तो सामान्य. यंत्र परीक्षेत उत्तीर्ण झाले तरी त्याच्यासाठी ते सुरक्षित ठरत नाही, कारण यंत्राची अर्धी सुरक्षितता माणसाच्या शिक्षणावर सोपविलेली आहे.

आता फायबर आले. काचेच्या तंतूत वीज वाहत नाही, मग काळजी कशाची, असे कोणी म्हणेल. तंतूच्या टोकाच्या डबीला अॅडॅप्टर लागतोच. कॅमेऱ्यांना नेटवर्कच्या तारेतूनच वीज पुरवितात. तिचा दाब ५७ व्होल्टपर्यंत ठेवतात, तो साठच्या रेघेच्या आत राहावा म्हणून. आणि केबल ओढणारा माणूस आजही विजेच्या खांबावरूनच ओढतो.

कायदा आपल्याकडे आहे. २०१२ च्या आदेशाने अॅडॅप्टरसारख्या वस्तूंची भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची झाली. २०१७ च्या नियमांनी दूरसंचार उपकरणांची परीक्षा बंधनकारक केली आणि तिचा पहिला टप्पा १ ऑक्टोबर २०१९ पासून सुरू झाला. पण शिक्का बसतो तो नमुन्याच्या परीक्षेवर. आपल्या घरचे अर्थिंग, कंत्राटदाराची शिडी आणि कामगाराचे हातमोजे यांवर तो शिक्का नसतो.

तेव्हा आपण दोन गोष्टी कराव्यात. अॅडॅप्टर घेताना मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा; नसेल तर दहा रुपये वाचविण्यासाठी तो घेऊ नये. आणि दारी तार जोडावयास माणूस आला, तर त्याच्याजवळ टेस्टर आहे का, त्याला कोणी शिकविले आहे का, हे विचारावे. त्याच्या मालकाला हा प्रश्न आम्ही विचारतोच. पैसे मोजणाऱ्या ग्राहकाने विचारला तर तो लवकर ऐकू जातो.