विहिरीतले पाणी आणि ग्रामसभेचा ठराव

शनिशिंगणापूरच्या घरांना दारे नाहीत, हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. 2011 साली तेथे युको बँकेने शाखा उघडली, तीही कुलपाविना. चोरी करणाऱ्याला शनिदेव पाहून घेतील, ही त्यामागची श्रद्धा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, जमिनीखालचे पाणीही असेच बिनदाराचे असते. पण तेथे श्रद्धेचा पहारा नाही. एकाने बांधालगत खोल बोअर घेतले की शेजाऱ्याची विहीर आटते. त्याला कोणी चोरी म्हणत नाही. शेजारी मग आणखी खोल जातो. दोन-चार वर्षांत पाणी कोणाकडेच उरत नाही, कर्ज मात्र दोघांकडे राहते.

हा पहारा गावाने स्वतःच कसा ठेवावा, हे आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने दाखविले आहे. नगर तालुक्यातील हे गाव पर्जन्यछायेत, पाऊस जेमतेम 400 मिलिमीटर. 1972 च्या दुष्काळानंतर पोटासाठी गाव सोडणाऱ्यांची रांग लागली होती. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, पुढे गाव आदर्श गाव योजनेत आले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी यांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. डोंगरावर गुरे सोडायची नाहीत, विळ्याने गवत कापून आणायचे. त्यामुळे गवत वाढले, गोठ्यात दूध वाढले.

पण माझ्या मते मोठी गोष्ट वेगळीच आहे. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, असे ग्रामसभेने ठरविले. बांधबंदिस्तीला कोणाचा विरोध नसतो. शासनाचा पैसा येतो, मजुरी मिळते. विहीर भरल्यावर हात आखडणे अवघड. ज्याच्या विहिरीला भरपूर पाणी, त्यानेच उसाच्या रोकड पैशावर पाणी सोडायचे, हा खरा त्याग आहे. जलसंधारणाची कामे होऊनही अनेक गावांत पाणी टिकले नाही. पाणी दिसताच बोअरची गाडी गावात आली.

राज्याचा भूजल कायदा 2009 चा, तो 2014 पासून लागू झाला. 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्यात निर्बंध आहेत. आपल्या शिवारात त्याहून खोल किती बोअर आहेत, ते वाचकांनीच मोजावे. कायदा राबविणारा तालुक्याला बसतो. ठराव मोडणाऱ्याला मात्र रोज सकाळी दूध घालायला शेजाऱ्यांबरोबरच उभे राहावे लागते.

हिवरे बाजारला दरवर्षी पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, विहिरी कोठवर भरल्या, हे पाहून पिण्याचे व जनावरांचे पाणी आधी बाजूला काढतात. उरलेल्यात कोणती पिके बसतील, ते ग्रामसभेत ठरते. घरखर्चासारखाच हा हिशेब.

आता आपला हिशेब करून पाहू. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. 1 हजार हेक्टरच्या शिवारावर 500 मिलिमीटर पडला, तर 500 कोटी लिटर झाले. ऐकायला मोठे वाटते. पण बरेचसे वाहून जाते, ऊन खाते, पिके घेतात. आपल्या काळ्या खडकात दहावा हिस्सा मुरला तरी पुष्कळ, म्हणजे 50 कोटी. सरीत मोकळे पाणी सोडून घेतलेला ऊस एकरी सुमारे 1 कोटी लिटर पितो. याचा अर्थ, मुरलेल्या पाण्यावर अख्ख्या गावाचा 50 एकर ऊस, आणि तोही माणसे-गुरे तहानलेली ठेवून! त्याच पाण्यात हरभरा सात-आठपट क्षेत्रावर येतो.

नेवासे तालुक्याला मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचा आधार आहे, सोनईचा साखर कारखाना जवळ आहे. तेव्हा हिवरे बाजारची ऊसबंदी येथे जशीच्या तशी आणा, असे मी म्हणणार नाही. असा ठराव कागदावरच राहील. मात्र कालव्यापासून दूर, निव्वळ विहिरीवर ऊस ओढणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे नवे बोअर थांबविणे, असलेल्या उसाला ठिबक करणे आणि पाचट न जाळता सरीत आच्छादन करणे, एवढे तरी ग्रामसभेने मनावर घ्यावे. पाचट जाळले की ओल जाते आणि सेंद्रिय खतावर पाणी पडते.

ठरावाची सक्ती करून भागणार नाही. लहान विहीरवाल्याला सोडायला सांगायचे आणि पुढाऱ्याच्या मळ्यात रात्री बोअर घ्यायचे, असे एकदा झाले की ठराव संपला. सुरुवात वरच्या आळीपासून व्हावी. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. ती सह्यांपुरती न उरकता पाण्याचा विषय तेथेच पहिल्यांदा मांडावा. हंडा आणि वैरण ज्यांच्या डोक्यावर, त्यांना उन्हाळा आधी दिसतो.

यंदा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी शिवाराच्या चारी बाजूंच्या पाच-सहा विहिरी निवडा. दोरीला दगड बांधून काठापासून पाणी किती हातांवर आहे ते मोजा. शाळेतली मुले हे काम आनंदाने करतात. ते आकडे आणि पावसाची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, आणि रब्बीची पेरणी होण्याआधी सर्वांना वाचू द्या. जानेवारीत व मार्चअखेर याच विहिरी पुन्हा मोजा. मोजमाप जमत नसेल तर कृषी सहायकाला बोलवा.