धीर देणारी वाणी

मकरसंक्रांतीच्या दिवशी पेडणे व डिचोली तालुक्यांतील आपले हिंदू शेजारी आपल्या हातावर तिळगूळ ठेवून गोड बोलण्याची विनंती करतात. ही विनंती वर्षातून एकदाच कानी पडते. ख्रिस्ती माणसावर मात्र हे बंधन वर्षाचे सर्व दिवस आहे. ज्या जिभेवर आपण पवित्र मिस्सात प्रभूचे शरीर ग्रहण करतो, त्याच जिभेने मंदिराच्या पायऱ्या उतरताच शेजाऱ्याची निंदा करावी, हे शोभते काय? संत याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हाच प्रश्न आद्य ख्रिस्ती जनांपुढे ठेवला आहे.

गोड बोलणे म्हणजे तोंडपुजेपणा नव्हे. तोंडपुज्याची दृष्टी स्वतःच्या लाभावर असते. धीर देणाऱ्याची दृष्टी समोरच्याच्या गरजेवर असते. प्रसंगी चूकही दाखवावी लागते. परंतु ती एकांतात आणि त्या माणसाला उभे करण्यासाठी दाखवावी, चारचौघांत पाडण्यासाठी नव्हे.

प्रेषितांच्या काळी सायप्रस बेटावरील योसेफ नावाचा एक लेवी होता. प्रेषितांनी त्याला बर्णबा, म्हणजे धीर देणारा, हे नाव दिले. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल पश्चात्ताप पावून यरुशलेमास आला, तेव्हा सर्व शिष्य त्याला भ्याले. एकट्या बर्णबाने त्याला जवळ केले आणि प्रेषितांपुढे नेऊन त्याच्याविषयी चांगला शब्द सांगितला. तोच शौल पुढे संत पौल झाला. पुढे तरुण मार्क प्रवासात अर्ध्यावरून परत फिरला, म्हणून पौलाने त्याला पुन्हा बरोबर नेण्यास नकार दिला. त्याही वेळी बर्णबाने मार्काला आपल्यासोबत घेतले. अखेरीस पौलानेच आपल्या पत्रात मार्काला उपयोगी म्हणून बोलावून घेतले. आणि परंपरेप्रमाणे हाच मार्क शुभवर्तमानकार होय. एका माणसाने दोघांना टाकून दिले नाही, त्याचे फळ ख्रिस्तसभा आजही चाखीत आहे.

आपल्या गोमंतभूमीतही याचे उदाहरण आहे. इंग्लंडात जन्मलेले जेज्वीट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यास आले. नव्या ख्रिस्ती लोकांना जुनी पुराणे वर्ज्य झाली होती आणि त्यांच्या जागी स्वभाषेत काहीच नव्हते. फादर स्टीफन्स यांनी येथल्या भाषा आत्मसात केल्या व मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 साली राशोल येथे छापले गेले. माणसाच्या भाषेचा मान राखून त्याच्याशी बोलणे, ही दयेची पहिली पायरी आहे.

आता आपल्या घराकडे वळू. डिचोलीच्या खाणी 2012 साली बंद पडल्या. पुढे काही काळ सुरू झाल्या. पण सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मार्च 2018 पासून राज्यातील 88 खाणपट्ट्यांचे काम पुन्हा थांबले. अंगणात ट्रक उभा, बँकेचे हप्ते डोक्यावर, अशी स्थिती अनेक घरांनी पाहिली. अशा वेळी कर्ज फेडून टाकण्याचे सामर्थ्य शेजाऱ्यांत नसते. परंतु घरी परतलेल्या कर्त्या पुरुषाला “आज तरी काही मिळाले का?” असे दारातच विचारावे, की “या, आधी जेवून घ्या, मग दोघे मिळून विचार करू” असे म्हणावे, हे प्रत्येक घराच्या हाती असते. पहिल्या प्रश्नाने माणूस घर टाळू लागतो, दारूच्या दुकानाची वाट धरतो. दुसऱ्या वाक्याने त्याला घर आपले वाटते. तीच गोष्ट परीक्षेत नापास झालेल्या मुलाची, नव्याने घरात आलेल्या सुनेची आणि परदेशी नोकरी न मिळाल्याने परतलेल्या तरुणाची.

म्हणून वाचकहो, या आठवड्यात तीन गोष्टी करून पाहा. सायंकाळी रोझरीसाठी कुटुंब एकत्र जमेल तेव्हा प्रत्येकाने दुसऱ्याचे त्या दिवशीचे एक चांगले काम नावानिशी सांगावे. गैरहजर माणसाविषयी तो समोर असता जे बोलला नसता, ते बोलू नये. आणि गावात ज्याच्याशी कोणी बोलत नाही, त्याच्या दारी एकदा जाऊन यावे. या दानाला पैसा लागत नाही. म्हणून गरिबालाही ते देता येते, आणि श्रीमंतालाही त्यातून सूट नाही.