काटा शून्यावर

गेल्या दिवाळीत चार दिवस जालन्याला मामांकडे होतो. मामांचं सारं आयुष्य मोंढ्यात गेलं. आडतीचं दुकान, पोत्यांच्या थप्प्या, हमाल-मापाडी यांचा गलका आणि रात्री शांतपणे लिहिलेली रोजमेळ-खतावणी. चाळीस वर्षांत हिशेबात एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही, हा त्यांचा अभिमान. आता दुकान मुलगा पाहतो आणि मामा नातवाच्या संगणकावर घरातले जुने फोटो, भजनं, शेतीची कागदपत्रं नीट लावत बसतात.

पाडव्याच्या सकाळी मात्र मामा गप्प होते आणि नातू चिडला होता. "आबा, सेटिंगला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना!"

झालं होतं ते असं. मामांची नजर आता अधू झाली आहे. फाइल मॅनेजर, म्हणजे संगणकातल्या फायली मांडून दाखवणारा प्रोग्राम, त्यातली चित्रं मोठी दिसावीत म्हणून त्यांनी सेटिंग उघडलं. चित्राच्या आकाराच्या चौकटीत मोठा आकडा टाकला. चित्रं फारच मोठी झाली. मूळचा आकडा आठवेना, म्हणून मामांनी तिथे शून्य टाकलं आणि बटण दाबलं. प्रोग्राम फट्दिशी बंद पडला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद. संगणक बंद करून चालू केला, तरी तेच.

"पण मामा, शून्य का टाकलंत?" मी विचारलं.

"अरे, वजन करायच्या आधी मापाडी काय करतो? काटा शून्यावर आणतो. शून्यावर आणला की सगळं जागच्या जागी. माझं काय चुकलं, ते तरी सांग."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं, कारण मामांचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं होतं माझ्याच एखाद्या व्यवसायबंधूचं. मी पुण्यात प्रोग्राम लिहिण्याचंच काम करतो.

आत काय घडलं असेल, ते सोपं आहे. खिडकीची रुंदी आठशे ठिपके आणि एका चित्राला जागा शंभर ठिपक्यांची, तर एका ओळीत चित्रं किती? आठशे भागिले शंभर, म्हणजे आठ. आता शंभराच्या जागी शून्य ठेवा. शून्याने भागता येत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. यंत्रालाही ते जमत नाही. अशा वेळी काय करायचं हे लिहिणाऱ्याने सांगून ठेवलं नसेल, तर प्रोग्राम जागीच कोसळतो.

त्यातून दुसरी गोम अशी, की सेटिंगमधला आकडा एका लहानशा फायलीत कायमचा लिहून ठेवला जातो. प्रोग्राम उघडताना आधी ती फाइल वाचतो. तिथे शून्य, म्हणून कोसळतो. आणि शून्य बदलायची चौकट त्याच प्रोग्रामच्या पोटात! किल्ली आत आणि कुलूप लागलेलं, अशी गत. मी दुसऱ्या वाटेने ती फाइल शोधली, शून्य काढून ४८ लिहिलं आणि दोन मिनिटांत घर उघडलं. पण मामांना ती वाट कशी ठाऊक असावी?

असल्या शून्याने युद्धनौकाही थांबवली आहे. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेची 'यॉर्कटाउन' ही नौका व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ होती. एका कर्मचाऱ्याने संगणकाच्या एका रकान्यात शून्य भरलं. कुठल्याशा हिशेबात त्या शून्याने भागाकार झाला, जाळ्यातले संगणक पाठोपाठ बंद पडले आणि नौकेची इंजिनं थांबली. सुमारे पावणेतीन तास ती पाण्यावर नुसती तरंगत होती.

२०१६ साली तर सेटिंगचंच प्रकरण गाजलं. काही आयफोनवर तारीख मागे नेऊन १ जानेवारी १९७० केली आणि फोन बंद करून चालू केला, तर तो उघडेचना. अनेक संगणक त्याच क्षणापासून सेकंद मोजतात. तो त्यांचा शून्य. ॲपलने पुढे दुरुस्ती दिली. पण ती तारीख फोनने मुळात घेतलीच का, हा प्रश्न उरतोच.

आपल्या जालन्याला हे वेगळं शिकवायला नको. मोंढ्यात पोतं तोंड पाहून विकत घेत नाहीत. टोकदार नळी खुपसून आतले दाणे काढतात, तळहातावर पाहतात, मग बोली लावतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली आणि पुढे जालना बियाण्यांचं गाव म्हणून देशभर ओळखलं जाऊ लागलं. बियाण्याची उगवण पिशवी शिवण्याआधी तपासतात. पेरल्यावर तपासून काय उपयोग?

प्रोग्रामच्या दारातही तेवढीच तपासणी हवी. चौकट रिकामी तर नाही? आत आकडाच आहे ना? 'चाळीस' असं अक्षरांत तर लिहिलं नाही? आकडा चालण्याजोगा आहे ना. चित्राचा आकार समजा सोळाच्या खाली आणि अडीचशेच्या वर नको. आणि ही तपासणी दोनदा हवी: एकदा माणसाकडून घेताना, आणि एकदा साठवलेली फाइल वाचताना, कारण फाइलही बिघडू शकते. बिघडलेली आढळली तर मूळचा आकडा धरून प्रोग्राम उघडावा. आपल्या आधार क्रमांकातही ही काळजी आहे. त्याचा बारावा अंक आधीच्या अकरांवरून हिशेबाने काढलेला असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले, तर यंत्राला लगेच कळतं.

मात्र तपासणीचा अर्थ हुज्जत नव्हे. मामांनी मराठी आकड्यांत '४८' लिहिलं तर ते नाकारायचं कारण काय? तोही अठ्ठेचाळीसच. आणि नाकारायचं झालं, तर 'चुकीची माहिती' असं लाल अक्षरांत खेकसू नये. 'सोळा ते अडीचशेमधला आकडा लिहा, मूळचा आकडा ४८' एवढं म्हटलं असतं, तरी मामांचा पाडवा गोड झाला असता.

पुण्याला परतल्यावर मी स्वतःच लिहिलेला एक जुना प्रोग्राम उघडला. ओळींची संख्या विचारणारी एक चौकट त्यात होती. मुद्दाम शून्य टाकलं. फट्दिशी बंद! गेली कित्येक वर्षं लोक तो वापरत होते. त्यांच्यापैकी किती जणांना घरच्यांनी 'तुम्हाला कळत नाही, हात लावू नका' म्हणून बाजूला बसवलं असेल, कोण जाणे. त्या रात्री बसून सगळ्या चौकटींवर पहारे बसवले.

दुसऱ्या दिवशी मामांना फोन केला. म्हटलं, "मामा, चूक तुमची नव्हती, आमची होती. माझ्याही प्रोग्राममध्ये सापडली."

पलीकडे क्षणभर शांतता. मग मामा म्हणाले, "ते मला नको सांगू. पोराला फोन देतो, त्याला सांग."