शिरगणती वाढली, वैविध्य घटले

धरणाच्या जलाशयात दरसाल लक्षावधी बोटुकली सोडली की तेथील मत्स्यसंपत्ती समृद्ध झाली, असा समज सरकारी दप्तरापासून काठावरच्या वस्तीपर्यंत रूढ आहे. आणि जाळ्यातील मासळीचे वजन वाढलेले दिसत असता त्याविषयी शंका घेणे कोणाच्याही जिवावर येते. परंतु माशांची शिरगणती ही एक बाब आणि त्यांच्या ठायी असलेले आनुवंशिक वैविध्य ही सर्वस्वी निराळी बाब होय. मत्स्यबीज केंद्रात विणीसाठी ९५ माद्या आणि अवघे ५ नर घेतले, तर नर-माद्यांच्या गुणाकाराच्या चौपटीस त्यांच्या बेरजेने भागण्याच्या शास्त्रमान्य हिशेबाने हे शंभर मासे केवळ १९ माशांच्या तोलाचे ठरतात; कारण पुढील पिढीतील प्रत्येक पिल्लाचा अर्धा वारसा त्या पाच नरांकडूनच आलेला असतो. पिल्ले धडधाकट दिसतात, म्हणून कोणी निश्चिंत होऊ नये. ही सख्खी-सावत्र भावंडे वयात येऊन आपसांत वीण घालू लागली म्हणजे दडलेले दोष प्रकट होतात.

महसीर तो महसीर, कोणत्याही पाण्यात सोडावा, हा समज तर याहून घातक. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील ज्या माशाचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केले, त्या निळ्या परांच्या महसीराची कृत्रिम पैदास टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून लोणावळ्यास केली, हे ऋण मान्यच केले पाहिजे. मात्र त्याची पिल्ले कावेरीतही सोडली गेली, जो त्याचा मुलूखच नव्हे. आणि वाळूउपसा, धरणे व सुरुंगांची मासेमारी यांनी आधीच गांजलेला, कावेरीच्या खोऱ्याबाहेर कोठेही नैसर्गिकरीत्या न आढळणारा नारिंगी परांचा, वशिंडाचा महसीर गळाला लागेनासा होऊन निळ्या परांचाच विपुल लागू लागला. त्या स्थानिक माशाच्या शास्त्रीय नावाचा निर्णय २०१८ साली झाला, आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून करावी लागली.

नाहीसा झालेला आनुवंशिक वारसा पुढे कितीही बीज सोडले तरी परत मिळत नाही. म्हणून जलाशयात बीज सोडणाऱ्या प्रत्येकास माझी विनंती एवढीच की, बोटुकलींच्या आकड्याशेजारी त्यांच्या मातापित्यांची मूळ नदी कोणती आणि त्यांत नर किती, माद्या किती, ही नोंदही ठेवावी.